खाऱ्या पाण्यात मासे किती? हिशेब वीज गेलेल्या रात्रीचा धरावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला घरगुती मत्स्यालयांवरचा लेख आवडला, पण त्यातल्या एका वाक्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘दर चार लिटर पाण्यामागे एक इंच मासा’ हा ठोकताळा लेखकाने गोड्या आणि खाऱ्या पाण्याला सरसकट लावला आहे. गॅलनमागे (म्हणजे साधारण चार लिटरमागे) एक इंच हा हिशेब मुळात गोड्या पाण्यातल्या लहान, सडपातळ माशांसाठी आहे आणि तिथेही जाणकार तो ढोबळच मानतात. खाऱ्या पाण्याची टाकी नव्याने मांडणाऱ्या वाचकाने तो खरा धरला, तर त्याचे पैसेही जातील आणि मासेही. मी तो खरा धरला होता, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. मापाने तिच्यात सुमारे 255 लिटर पाणी मावायला हवे, परंतु तळाची वाळू, आतले दगड आणि वर सोडलेली चार बोटे जागा वजा केली, तर प्रत्यक्षात 200 लिटरच भरते. पहिली चूक इथेच होते, कारण दुकानदार टाकीचे माप सांगतो आणि आपण ते पाण्याचे माप समजतो. टाकीचे 255 लिटर माप धरले, तर लेखातल्या सूत्राने माझ्याकडे साठ-पासष्ट इंच, म्हणजे दोन-दोन इंचांचे तीसएक मासे बसायला हवेत. आज माझ्याकडे पाच आहेत.

हा फरक का पडतो, हे थोडक्यात सांगतो. पाण्यात मीठ विरघळले की प्राणवायू धरून ठेवण्याची त्याची ताकद कमी होते. 26 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो; समुद्राइतक्या खाऱ्या, म्हणजे लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात तो साडेसहाच्या आसपास येतो आणि पाणी तापले की आणखी घटतो. दुसरी गोष्ट अमोनियाची. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून तो पाण्यात येतच असतो. पण समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप) 8.2 च्या जवळ असल्याने, सामू 7 असलेल्या गोड्या पाण्याच्या तुलनेत त्यातला विषारी वाटा दहापटीहून अधिक असतो. म्हणजे श्वासाला कमी आणि विषाला अधिक वाव, अशा पाण्यात आपण मासे मोजत असतो.

इंचांच्या हिशेबातली खरी गोम मात्र वेगळीच आहे. मासा लांबीने दुप्पट झाला की वजनाने जवळपास आठपट होतो, आणि त्याचे खाणे, श्वास व घाण ही वजनाबरोबर वाढतात, लांबीबरोबर नव्हे. एक-एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा यांना सारखे मानणे म्हणजे दहा तान्ह्या बाळांच्या आणि एका पैलवानाच्या पंगतीला सारखाच शिधा काढण्यासारखे आहे. शिवाय दुकानात दोन इंचांचा दिसणारा निळा टँग पूर्ण वाढला की फूटभर होतो. मोजायचे ते त्याचे ते माप, पिशवीतले नव्हे.

मी पिशवीतले माप मोजले होते. क्लाऊनफिशची जोडी, चार हिरवे क्रोमिस, एक निळा टँग आणि एक पिवळा फॉक्सफेस, असे आठ मासे मिळून वीस इंचही भरत नव्हते. सूत्राच्या एक तृतीयांशावरच आपण थांबलो, याचा मला अभिमानच होता. दीड वर्षात टँग वीतभर झाला, क्रोमिसांनी आपापसात मारामाऱ्या करून स्वतःची संख्या दोनवर आणली (हे मासे थव्याने आणावेत असे सांगतात; छोट्या टाकीत त्यांचा थवा बहुधा असाच एकेक करून गळतो), आणि तरीही पाणी स्वच्छ होते, अमोनियाची चाचणी शून्य दाखवीत होती. सारे काही सुरळीत चालले आहे असे वाटत असतानाच 2022 च्या मे महिन्यात एका रात्री वळवाचा पाऊस आला, आमच्या गल्लीतल्या तारा तुटल्या आणि साडेअकराला वीज गेली.

इन्व्हर्टर होता, पण त्यावर दोन पंखे आणि दिवे एवढेच जोडलेले होते. टाकीचा पंप, पाणी घुसळणारा पावरहेड आणि फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर एकदम बंद पडले. दिवसभराच्या उकाड्याने पाणी 31 अंशांवर गेले होते. तासाभरात टँग वर आला आणि पाण्याच्या कडेशी तोंड लावून राहिला. बॅटरीच्या उजेडात त्याचे कल्ले इतके भराभर उघडत-मिटत होते की मोजता येईनात. मी स्टुलावर उभा राहून तांब्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहिलो. मध्यरात्रीनंतर आमच्या हिने काही वेळ हे काम हातात घेतले. वीज पहाटे पाचला आली, तोवर टँग, फॉक्सफेस आणि दोन्ही क्रोमिस गेले होते. क्लाऊनफिशची जोडी तेवढी कोपऱ्यात उरली. कोणाचा दोष काढायचा तर तो माझाच, कारण माझी सगळी मोजणी पंप चालू आहे असे गृहीत धरून झाली होती.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, खाऱ्या पाण्यात किती मासे मावतात हा प्रश्न सगळी यंत्रे चालू असलेल्या दुपारी विचारायचाच नाही. यंत्रे बंद असताना, उन्हाळ्यात आणि आपण घरी नसताना किती मासे तग धरतील, तो आकडा आपला. परदेशी चित्रफितींत याच मापाच्या टाकीत दहा-बारा मासे दिसतात हे खरे. पण त्यांच्यामागे बहुधा अखंड वीज, पाणी गार ठेवणारे चिलर आणि अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंनी भरलेले प्रवाळाचे सच्छिद्र खडक असतात. आपल्याकडे अनेक प्रकारची प्रवाळे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे समुद्रातून काढलेला असा खडक कोणी गुपचूप देऊ केला तरी घेऊ नये. सिरॅमिकच्या तुकड्यांवर जीवाणू वाढवता येतात, फक्त त्याला धीर लागतो. टाकी मांडल्यापासून पहिला मासा सोडेपर्यंत चार ते सहा आठवडे आणि त्यानंतर प्रत्येक नव्या माशामागे निदान महिनाभर थांबावे, कारण जीवाणूंची वस्ती तेव्हा मिळत असलेल्या अमोनियापुरतीच वाढलेली असते आणि एकाच दिवशी चार मासे आणले तर ती अपुरी पडते.

पाण्याइतकाच जागेचाही हिशेब असतो. प्रवाळबेटांवरचे बरेच मासे आपापली कपार राखून असतात. त्यामुळे 200 लिटर पाण्यात दगड नीट रचून पाच-सहा कपारी होत असतील, तर सातव्या माशाला पाणी मिळेल पण घर मिळणार नाही, आणि तो कोपऱ्यात शेपटी फाटलेला दिसू लागेल. क्लाऊनफिश दोनच ठेवावेत. त्यांच्यात मोठा असतो तो मादी होतो, दुसरा नर राहतो आणि तिसऱ्याला ही जोडी सहसा टिकू देत नाही. टँगसारख्या सतत पोहणाऱ्या माशाला तर चार फुटांची टाकी म्हणजे चाळीतली खोली. तो आमच्यासारख्यांनी आणूच नये, असे आता मी दुकानात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि दुकानदाराची नाराजी पत्करतो.

गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतांशी तळ्यांत वाढवलेले असतात, तर खाऱ्या पाण्यातले बहुतेक अजूनही समुद्रातून पकडलेले येतात, हेही लेखात यायला हवे होते. काळे-पांढरे पट्टे मिरवणारा बँगाई कार्डिनल निसर्गतः इंडोनेशियातल्या बँगाई बेटांच्या परिसरात सापडतो आणि मुख्यतः मत्स्यालयांच्या हौसेपायीच तो संकटग्रस्त यादीत गेला. क्लाऊनफिशच्या काही जातींची पैदास मात्र आपल्याच देशात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी केली आहे. त्यामुळे माझ्या पाचांत जोडी क्लाऊनफिशची आहे आणि कार्डिनलही पैदास केलेलाच, चौकशी करून घेतलेला आहे. उरलेले दोन म्हणजे एक गोबी आणि एक ब्लेनी.

पाहुणे आले की टाकी रिकामी वाटते म्हणतात, तेव्हा मी त्यांना माझी चाचणी सांगतो. दर फेब्रुवारीत, ऊन वाढण्यापूर्वी, एका रविवारी सकाळी मी टाकीची सगळी यंत्रे बंद करतो आणि घड्याळ घेऊन समोर बसतो. क्लाऊनफिशचे कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहितो आणि आकडा चढू लागला की लगेच बटण दाबतो. यंदा पाच माशांवर तो चढायला साडेतीन तास लागले. हवेचा एक पंप आता इन्व्हर्टरवर आहे, पण त्याचा भरवसा मी धरत नाही. आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते ती साधारण तीन तास, म्हणून सहावा मासा आणलेला नाही.

आपला,
एक वाचक,
विश्रामबाग, सांगली