डिकॅफची चव कच्च्या दाण्यातच ठरते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतील कॉफीविषयीच्या लेखात डिकॅफबद्दल, म्हणजे कॅफीन काढून घेतलेल्या कॉफीबद्दल, एकच वाक्य होते: कॅफीन गेले की चवही जाते. कॉफी भाजणे हाच माझा व्यवसाय असल्याने हे मत माझ्या कानांवर नेहमी पडते, आणि ते अपुरे आहे असे मला ठामपणे वाटते. डिकॅफ बेचव निघते तेव्हा दोष बहुतेक वेळा कॅफीन काढण्याच्या प्रक्रियेचा कमी आणि त्या प्रक्रियेसाठी निवडलेल्या दाण्यांचा अधिक असतो.

या व्यापारात पूर्वापार चालत आलेली रीत अशी, की हंगामातला उत्तम माल नेहमीच्या कॉफीसाठी राखून ठेवायचा आणि गोदामात पडून जुना झालेला किंवा प्रतवारीत मागे राहिलेला माल डिकॅफसाठी पाठवायचा. मुळातच फिका पडलेला हा दाणा नंतर काळपट होईपर्यंत भाजला जातो, म्हणजे त्याचे उणेपण जळकट कडूपणाखाली झाकले जाते. पिणाऱ्याला वाटते की कॅफीन काढल्यामुळेच असे झाले; तो डिकॅफकडून चवीची अपेक्षाच सोडतो, आणि अपेक्षा नाही म्हणून व्यापारीही चांगला दाणा त्यासाठी विकत घेत नाही. स्पेशालिटी कॉफीसाठी शंभरपैकी किमान ऐंशी गुणांचा जो निकष लावला जातो, तोच निकष डिकॅफसाठी पाठवायच्या कच्च्या मालालाही लावला, तर हे चक्र थांबू शकते.

कॅफीन काढले जाते ते भाजण्यापूर्वी, हिरव्या दाण्यातून. वाफेने किंवा पाण्याने दाणा फुगवायचा आणि मग कॅफीन ओढून घेणाऱ्या माध्यमाच्या संपर्कात तो ठेवायचा, हे सर्व पद्धतींमागचे समान सूत्र आहे. जर्मनीतील ब्रेमेनचे व्यापारी लुडविग रोझेलियस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही कॉफी प्रथम मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली, तेव्हा त्यांनी वापरलेले माध्यम बेंझिन होते. ते आरोग्याला घातक असल्याने पुढे मागे पडले. खरी अडचण मात्र आजही तीच आहे. कॅफीन पाण्यात विरघळते, पण दाण्यातली साखर, आम्ले आणि सुवासाला जन्म देणारी इतर द्रव्येही पाण्यात विरघळतात, त्यामुळे नुसत्या पाण्यात दाणे भिजवले तर कॅफीनबरोबर चवही निघून जाईल. कॅनडातील स्विस वॉटर पद्धतीत यावर काढलेला तोडगा मला विशेष आवडतो. तेथे दाणे भिजवण्यासाठी वापरले जाणारे पाणी कॉफीतील इतर विद्राव्य घटकांनी आधीच संपृक्त केलेले असते, फक्त त्यात कॅफीन नसते; साहजिकच दाण्यातून त्या पाण्यात प्रामुख्याने कॅफीनच उतरते, आणि ते कोळशाच्या गाळणीत अडकवून तेच पाणी पुन्हा वापरता येते.

कोलंबियात कॅफीन काढण्यासाठी उसाच्या मळीपासून मिळणारे इथाइल ॲसिटेट हे द्रावक वापरतात. या पद्धतीचा एक मोठा लाभ चवीच्या चर्चेत सहसा निसटून जातो: जिथे कॉफी पिकते तिथेच कॅफीन निघते. इतर अनेक देशांतील दाण्यांना त्यासाठी जर्मनी, कॅनडा किंवा मेक्सिको गाठावे लागते, आणि या प्रवासात व साठवणीत जाणारे महिने दाण्याचा ताजेपणा खात असतात. शिवाय असे कारखाने सहसा मोठ्या प्रमाणातच माल स्वीकारतात, म्हणून लहान शेतकऱ्याची उत्तम पण थोडी कॉफी इतरांच्या मालात मिसळली जाते किंवा डिकॅफपर्यंत पोहोचतच नाही. उच्च दाबाखालील कार्बन डायऑक्साइडची पद्धत कॅफीन नेमके वेचून काढते, पण तिची यंत्रसामग्री इतकी खर्चिक आहे की लहान मालाला ती परवडत नाही.

कॅफीन काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मिथिलीन क्लोराइड या आणखी एका द्रावकाविषयी वाचकांना वाटणारी भीती मी समजू शकतो. ते सुमारे 40 अंश सेल्सियसलाच उकळते, तर कॉफी 200 अंशांच्या आसपास भाजली जाते, म्हणजे भाजताना ते बहुतेक उडून जाते. भाजलेल्या डिकॅफमध्ये त्याचा अंश अमेरिकेत दशलक्ष भागांत 10 भागांपर्यंत आणि युरोपीय संघात 2 भागांपर्यंतच चालतो. माझ्या मते येथे घबराटीचे कारण नाही. पण आपल्या कपातील कॉफी कोणत्या पद्धतीने तयार झाली हे जाणून घेण्याचा पिणाऱ्याचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

चांगला माल मिळाल्यानंतरही भाजणाऱ्याची कसोटी असतेच. कॅफीन काढलेला कच्चा दाणा हिरवा नसून तपकिरी असतो, त्यामुळे रंगावरून भाजणीचा अंदाज घेण्याची डोळ्यांची सवय येथे फसवते. त्याची साल प्रक्रियेतच बरीचशी निघून गेलेली असते, म्हणून भाजताना फोलपट फारसे उडत नाही, आणि दाणे तडतडण्याचा आवाजही मंद येतो. अशा वेळी रंग आणि आवाज यांच्याऐवजी तापमानाची नोंद आणि वास यांवर भिस्त ठेवावी लागते. पेशीरचना सैल झाल्याने भाजलेल्या दाण्यावर तेलही लवकर येते आणि तो लवकर शिळा होतो.

डिकॅफ पिणारे लोक कॉफी आवडते म्हणूनच ती पितात. गर्भवती स्त्रियांनी दिवसभरात 200 मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन घेऊ नये, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये सांगितले आहे. कोणाची झोप उडते, कोणाची छाती धडधडते. त्यांना उरलासुरला माल देणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून उत्पादकांना माझी विनंती आहे, की डिकॅफच्या पाकिटावर केवळ ‘कॅफीनमुक्त’ असे छापून थांबू नये. तसेही थोडे कॅफीन त्यात उरतेच. दाणा कोणत्या प्रदेशातला आणि कोणत्या हंगामातला आहे, कॅफीन कोणत्या पद्धतीने काढले आणि भाजणी कोणत्या तारखेला झाली, हे त्यावर स्पष्ट लिहावे. आणि आपल्या पुरवणीत यापुढे कॉफीची परीक्षणे येतील तेव्हा डिकॅफचीही चव याच माहितीसह घेतली जावी.

आपला विश्वासू,
एक कॉफी व्यावसायिक