ओपनबीएसडी का लावलं, ते सांगतो

अमळनेर,
२० मार्च

प्रिय दोस्ता,

काय चालनं भो? परवा फोनवर तू विचारलंस, "चांगला चालता लॅपटॉप पुसून ते ओपनबीएसडी कशाला टाकलंस?" मी सांगणार तेवढ्यात तुझी गाडी आली. म्हणून आज निवांत लिहितो. ओपनबीएसडी म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखी, मशीन चालवणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर भट्टीसारखं ऊन, आणि भरदुपारी लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी तेव्हा पार संपलेली, त्यामुळे मशीन तिथेच बंद. ओपनबीएसडीची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) ठेवत नाही. मध्येच वीज गेली की पुढच्या वेळी सुरू होताना सगळी डिस्क तपासावी लागते. त्या दिवशी तपासणी अर्ध्यात अडली आणि काळ्या पडद्यावर ओळ आली, तिचा शेवटचा शब्द ‘हेल्प’. माझ्या पोटात गोळा आला. आजीच्या अहिराणी ओव्या मी टाइप करून ठेवल्यात ना, त्यातल्या शेवटच्या चाळीस फक्त त्याच डिस्कवर होत्या. पण ‘एफएससीके’ या डिस्क तपासणाऱ्या कमांडचं मॅन्युअल आदल्याच आठवड्यात वाचलं होतं. कमांड हाताने चालवली, मशीन उभं राहिलं, ओव्या जागच्या जागी.

संध्याकाळी लाईट आली, पण नेट नव्हतं. तरी ‘मॅन एपीएमडी’, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचं मॅन्युअल, उघडलं, कारण सगळी मॅन्युअलं मशीनमध्येच असतात. मॅन्युअलात चूक सापडली तर ओपनबीएसडी बनवणारी मंडळी तिला प्रोग्रॅममधल्या चुकीइतकंच गंभीर मानतात. त्यातच मिळालं: चार्जिंग ठरावीक टक्क्यांच्या खाली उतरलं की सगळं डिस्कवर लिहून मशीन आपोआप झोपवता येतं. नवी बॅटरी आणली, १० टक्क्यांची मर्यादा घातली. तेव्हापासून लाईट जाण्याची धास्ती गेली. हे सगळं कुणाला न विचारता जमलं, आणि मला यातलं हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं.

तुला हे परकं वाटेल, पण तसं नाही. ऑफिसच्या सर्व्हरवर तू रोज शिरतोस ते ओपनएसएसएच १९९९ मध्ये याच लोकांनी काढलं. थिओ द राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडी या आधीच्या सिस्टिमपासून वेगळं होऊन हे काम सुरू केलं, आणि अजून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. स्वभाव सावध. मायक्रोफोनसुद्धा मुळात मुका असतो. आजीचा आवाज घ्यायचा असला की मी एक सेटिंग शून्याचं एक करतो, झालं की परत शून्य.

अडचणीही ऐक. ब्लूटूथ नाही, २०१४ मध्ये काढूनच टाकलं, म्हणून मी वायरचा हेडफोन वापरतो. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घेऊच नकोस. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, मराठी जोडाक्षरं तुटतात. हे पत्र मात्र लिब्रेऑफिसात लिहितोय, तिथे ‘ज्ञानेश्वरी’सुद्धा नीट उमटते.

आखाजीला येशील तेव्हा तुझा तो कपाटात पडलेला लॅपटॉप घेऊन ये. जुना अँड्रॉइड फोन आणि डेटा केबलही आण, कारण वायफायचं फर्मवेअर (त्याच्या कार्डाला लागणारं सॉफ्टवेअर) पहिल्यांदा नेटवरून उतरवावं लागतं आणि आमच्याकडे तारेचं नेट नाही; फोनचंच नेट केबलने लॅपटॉपला देऊ. पेनड्राइव्ह मी तयार ठेवतो. आजी खापरावरचे मांडे करणार आहे, आणि तिला अजून सात-आठ ओव्या आठवल्यात. त्या आपण दोघं मिळून उतरवून घेऊ.

तुझाच,
भाऊ