फलकावर नाव लागण्याआधी त्याला शाळेत बोलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माध्यमिक शाळेत मी तीस वर्षे गणित शिकवले. त्यातली अठरा वर्षे एनसीसीची तुकडीही माझ्याकडे होती. या काळात माझे बरेच विद्यार्थी सैन्यात गेले. बहुतेक जण भरतीतून जवान म्हणून लागले, दोघे अधिकारी झाले. ‘तुला सैन्यात जावंसं कधी वाटलं?’ हा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येकाला विचारला आहे. २६ जानेवारीच्या भाषणाचे नाव एकानेही घेतले नाही. भाषणे करणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हे मनाला लागले. प्रत्येकाच्या उत्तरात एक माणूस होता. आपल्याच शाळेचा, चार-सहा वर्षे पुढचा, सुटीवर आल्यावर भेटलेला.

असाच एक नाईक हुद्द्याचा माजी विद्यार्थी सुटीत मला भेटायला आला होता. मी त्याला थेट नववीच्या वर्गात नेले. बोलायला तो लाजत होता. मग त्याने पहिल्या बाकावरच्या मुलाचे दप्तर मागितले, टेबलावर रिकामे केले आणि पुन्हा भरून दाखवले. जड वस्तू पाठीला लागून, लागेल ती वर, ओली होणारी पिशवीत गुंडाळून. म्हणाला, ‘अंधारात हात घातला की पाणी कुठं, बॅटरी कुठं, पट्टी कुठं हे हाताला कळलं पाहिजे.’ वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘भीती वाटते का?’ तो म्हणाला, ‘वाटते. पण शेजारचा आपल्यावर विसंबून असतो ना.’ ती मुलगी आज लष्करी परिचर्या सेवेत आहे. त्या दिवशी मी वर्गात काय शिकवले असते, ते ती केव्हाच विसरून गेली असती.

देशासाठी काही करावे ही ओढ मुलांमध्ये असतेच. शाळेने तिला रोजचे काम द्यायला हवे. आमच्याकडे पदभ्रमणाला एक नियम होता: सगळ्यात मागे राहिलेल्याची पाठपिशवी सगळ्यात पुढच्याने घ्यायची. पहिल्या वर्षी मुले कुरकुरतात. दुसऱ्या वर्षी पुढे पोचलेला मुलगा न सांगता मागे वळतो. अधिकारी झालेल्या दोघांपैकी एकाने मला सांगितले की, एसएसबीच्या, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मैदानावर फळी, दोर आणि पिंप घेऊन गटाला अडथळा पार करायचा होता, तेव्हा त्याचे लक्ष आपसूक मागे राहिलेल्या उमेदवाराकडे गेले. एसएसबीची निवड पाच दिवस चालते. लेखी परीक्षेची तयारी शिकवणीत होते, पण हे मागे वळून पाहणे तीन महिन्यांच्या शिकवणीत अंगी येत नाही.

शाळेचे हे नाते किती खोल जाते, त्याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. साताऱ्याची सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. कर्नल संतोष महाडिक तिचे विद्यार्थी. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना ते हुतात्मा झाले. त्यानंतर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी खडतर प्रशिक्षण पूर्ण केले आणि २०१७ मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या. पण निवासी सैनिकी शाळेत जाणारी मुले मोजकीच. बाकीची जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शिकतात. त्यांच्यासाठी १९४८ पासून चालत आलेली एनसीसी हाच मोठा आधार, आणि तोही एखाद्या शिक्षकावर उभा असतो. मी कामठीच्या अकादमीत प्रशिक्षण घेऊन तुकडी सांभाळली. माझ्या निवृत्तीनंतर दुसऱ्या कोणाला पाठवलेच नाही आणि तुकडी बंद पडली. संस्थाचालकांना याची खंत वाटलेली मला दिसली नाही. मला अजून वाटते.

मुलींचाही विचार आता वेगळा करायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर एनडीएचे, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, दार त्यांना उघडले आणि मे २०२५ मध्ये सतरा मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. आठवीतल्या मुलीला हे कोणी सांगत नसेल, तर तिच्यापुरते ते दार बंदच आहे.

आणि सांगायचे तर सगळे सांगावे. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. सेवा चार वर्षांची, आणि त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांनाच पुढे कायम केले जाते. हे पालकांपासून लपवून मुलाला मैदानावर धावायला लावणे योग्य नाही. उरलेल्यांना पुढे काय करता येईल, याचीही चर्चा त्याच वर्गात व्हावी. ज्याला सैन्यात जायचे नाही, त्याला कमी लेखण्याचा अधिकार तर कोणत्याच शिक्षकाला नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेने आपल्या सैन्यातल्या माजी विद्यार्थ्यांची यादी करावी आणि ते सुटीवर आले की एक तास वर्गात बोलवावे. सत्कार, हारतुरे नकोत. ज्या शाळेत एनसीसीची तुकडी आहे, तिथे शिक्षक निवृत्त होण्याच्या दोन वर्षे आधी दुसरा शिक्षक प्रशिक्षणाला गेलाच पाहिजे, हे शिक्षण विभागाने पाहावे.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात हुतात्म्यांचा फलक आहे. त्यावरचे शेवटचे नाव माझ्या वर्गातल्या मुलाचे. नोकरीच्या अकरा वर्षांत तो दरवर्षी सुटीवर यायचा, शाळेच्या फाटकावरून जायचा, मला हात करायचा. मी त्याला एकदाही वर्गात बोलावले नाही.

— एक निवृत्त शिक्षक