मा. पणनमंत्री साहेब, ३१ मार्चसाठी आम्हाला धान्य विकायला लावू नका

मा. पणनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३,७४९ रुपये क्विंटल आहे हे आता गावातल्या पोरांनाही पाठ झालंय. तो आकडा पुरतो का, उत्पादन खर्च कसा धरायचा, हा वाद मोठा आहे आणि तो व्हायलाच पाहिजे, पण आज मला वेगळंच बोलायचंय. भाव येईपर्यंत थांबायची ताकदच आमच्यात नाही आणि त्याला बऱ्यापैकी कारण सरकारच्याच तारखा आहेत.

रब्बीची ज्वारी, हरभरा, गहू, सगळं फेब्रुवारी-मार्चच्या आसपास निघतं. आणि खरिपात उचललेलं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तरच तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याजाची सवलत मिळते. म्हणजे मळणी होऊन माल घरात येतो न येतो तोच पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा निरोप, मार्चएंड आलाय भरून टाका. त्यात मळणीयंत्रवाल्याचे पैसे, काढणीची मजुरी (ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर रोख द्यावं लागतं, त्यांचंही बरोबरच आहे), खतवाल्याची उधारी. मग सगळं गाव एकाच टायमाला पोती ट्रॉलीत टाकून मार्केटला जातं, आवक वाढते आणि भाव पडतो. ज्याचा माल अजून रानातच आहे तो कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे उचलून नवं-जुनं करतो, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलतो, आणि शून्य टक्क्यात जे वाचलं ते त्या चार दिवसांच्या व्याजात जातं.

मार्केटला काय होतं तेही सांगतो. व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढतो, तळहातावर फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि म्हणतो ओल आहे, कपात लागेल. ओल मोजायचं मीटर लावा म्हटलं तर म्हणतो न्या मग परत. आता परत न्यायचं तर गाडीभाडं पुन्हा, हमाली पुन्हा, आणि घरी पैशाची वाट बघणारे बसलेलेच. शेतकरी मान हलवतो, वजन होतं, संपलं.

साहेब, यावर उपाय तुमच्याच खात्यात पडून आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. धान्य बाजार समितीच्या गोदामात ठेवायचं, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. खरंच चांगली योजना आहे. पण आमच्याकडे चौकशीला गेलं की गोदामात जागा नाही नाहीतर निधी आला नाही, आणि दहा-बारा क्विंटलवाल्याला तर कुणी दारात उभं करत नाही. त्याच्याचसाठी तर ही योजना पाहिजे ना? मोठा शेतकरी कसाही थांबतो.

म्हणून मागणी अशी की गोदामात माल ठेवलेल्या शेतकऱ्याची तारण पावती सोसायटीने आणि बँकेने धरावी, तारणाचे पैसे थेट पीककर्जाच्या खात्यात वळते करावेत आणि जी बाकी राहील तिला ३० जूनपर्यंत मुदत द्यावी, शून्य टक्क्याची सवलत न काढता. सहकार खातं वेगळं असेल तर त्यांच्याशी तुम्ही बोला, आम्ही किती टेबलं फिरायची? लहान शेतकऱ्यांचा माल गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या शेतकरी कंपनीने एकत्र करून ठेवायची सोय करा. मीटर लावल्याशिवाय ओलीची कपात नाही, हा नियम प्रत्येक लिलावात पाळला जाऊ द्या. आणि खरेदी केंद्र काढणीच्या आधी उघडा, बारदाना (माल भरायची रिकामी पोती) तिथे आधी पोचलेला असू द्या, माल विकून झाल्यावर केंद्र उघडलं तर तिथे हमीभावाने माल घालतो कोण हे एकदा तपासून बघा.

हे फुकट मागणं नाही. कर्ज आम्ही फेडणारच आहोत, फक्त आमचा माल विकायचा दिवस आम्हाला ठरवू द्या.

आदेश जानेवारीत निघाला तर यंदाच्या रब्बीला उपयोग होईल. एप्रिलमध्ये निघाला तर तोपर्यंत ज्वारी आमच्याकडे राहिलेली नसेल.

आपला,
एक कोरडवाहू ज्वारी उत्पादक शेतकरी