शरीर तुच्छ असते तर छळ सोपा गेला असता

महोदय,

ईस्टर पुरवणीतील लेखात ‘आद्य ख्रिस्ती लोक शरीराला तुच्छ मानत, त्यामुळे त्यांना छळाचे भय उरले नव्हते’ असे विधान आहे. ते वाचून वाईट वाटले. शरीराला कस्पटासमान लेखणारे पंथ त्या काळी जरूर होते. ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा, वाद त्यांच्याशीच चालला होता.

इ.स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधील लिआँ शहरात ख्रिस्ती लोकांचा भीषण छळ झाला. त्यातून वाचलेल्यांचे पत्र चौथ्या शतकातील चर्च-इतिहासकार युसेबियसने आपल्या इतिहासग्रंथात जपले आहे. ब्लांदिना ही एक दासी. अंगाने इतकी किरकोळ, की तिच्या ख्रिस्ती मालकिणीलाच ती टिकेल की नाही याची धास्ती. छळणारे सकाळपासून संध्याकाळपर्यंत आळीपाळीने तिच्यावर तुटून पडले आणि अखेर तेच थकले. या पत्रात वेदना कुठेही झाकलेली नाही. पुढे रक्तसाक्षींचे, म्हणजे श्रद्धेपायी प्राण दिलेल्यांचे, मृतदेह सहा दिवस उघड्यावर ठेवून जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटली. कशासाठी? यांना मरणानंतर देहासह पुन्हा उठण्याची आशाच राहू नये म्हणून! या लोकांची आशा देहाशी बांधलेली आहे, हे मारेकऱ्यांनाही पक्के ठाऊक होते.

नव्वदी ओलांडलेले लिआँचे बिशप पोथिनस याच छळात तुरुंगात मरण पावले. त्यांच्या जागी आलेल्या संत इरेनियस यांनी काही वर्षांतच पाखंडी मतांविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला. शेवटच्या भागात ते म्हणतात, की ज्या सृष्टीत नीतिमानांनी कष्ट सोसले, जिथे देवाच्या प्रेमापायी त्यांना मारले गेले, त्याच सृष्टीत त्यांना पुन्हा जिवंत करणे न्याय्य आहे. राखेचे काय, हा प्रश्न त्यांच्या शहरात कुणाला नवा नव्हता. मातीतून माणूस घडवणाऱ्याला तो पुन्हा उभा करणे अवघड नाही, हे त्यांचे उत्तर.

दुःख मुळात का आहे, याचा उलगडा एवढ्याने होत नाही, हे मान्य. पण ‘आत्मा सुटला, देहाचे काय एवढे’ असे म्हणून ब्लांदिनाच्या वेदनेवर पाणी सोडायला ही माणसे तयार नव्हती. मला त्यांच्या शिकवणीतले हेच सर्वांत मोलाचे वाटते. संत ऑगस्टीन तर पुढे लिहितात, की रक्तसाक्षींच्या जखमांचे व्रण पुनरुत्थित देहावरही कदाचित दिसतील, व्यंग म्हणून नव्हे, मानचिन्ह म्हणून.

लेखमालेच्या पुढील भागात लिआँच्या या पत्राला जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक, वसई