‘आय५ आहे’ एवढ्यावर संगणक घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. घरचा आठ-दहा वर्षांचा संगणक आता बदलावा का, हा प्रश्न त्यामुळे अनेकांपुढे आहे. नागपुरात बर्डीच्या बाजारात वापरलेल्या संगणकाची चौकशी केली की एक वाक्य कानावर पडतेच : ‘आय५ आहे, विंडोज ११ टाकूनच देतो.’ या वाक्यावर पैसे मोजण्याआधी थोडे थांबावे, म्हणून हे पत्र. आमचे मत असे की ऑपरेटिंग सिस्टीम (विंडोज की मोफत मिळणारी लिनक्स) आधी ठरवावी. ती ठरवताना घरातला प्रिंटर, डिजिटल सिग्नेचरचे टोकन आणि जुन्या मराठी फाइली पाहाव्यात, आणि यंत्राची चौकशी त्यानंतर करावी.

आधी त्या आय५ बद्दल. इंटेलच्या प्रोसेसरचे हे नाव २००९ पासून चालत आले आहे, त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच कळत नाही. पाहायची असते ती पिढी, आणि ती पुढच्या आकड्यात असते. आय५-४५७० म्हणजे चौथी पिढी, आय५-६५०० सहावी, आय५-८५०० आठवी, आय५-१०४०० दहावी. चार आकडी क्रमांकात पहिला आकडा, पाच आकडीत पहिले दोन. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा तिच्या पुढची पिढी लागते. एएमडी रायझनमध्ये क्रमांकावरून अंदाज बांधणे फसवे आहे, तिथे मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरची यादीच पाहावी. कार्यालयांतून निघून बाजारात येणारे छोट्या डब्याचे डेल आणि लेनोवो बऱ्याचदा चौथ्या ते सातव्या पिढीचे असतात. यंत्र म्हणून ते दणकट आहेत, प्रश्न त्यांच्यावर काय टाकून विकले जाते याचा आहे.

अशा यंत्रावर विंडोज ११ बसत नाही असे नाही. रूफससारख्या साधनाने विंडोज बसवायचा पेन ड्राइव्ह बनवताना अटींची तपासणी वगळता येते आणि विंडोज चढते. दुकानात ते झकास चालूनही दाखवतात. अडचण पुढे येते. विंडोज ११ च्या होम आवृत्तीचा प्रत्येक वार्षिक अवतार २४ महिनेच सांभाळला जातो : २३एच२ (म्हणजे २०२३ च्या उत्तरार्धातला अवतार) चे अपडेट ११ नोव्हेंबर २०२५ ला संपले, २४एच२ चे १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतात. अटीत बसणाऱ्या यंत्राला पुढचा अवतार आपोआप मिळतो. अटी वगळून बसवलेल्याला तो मिळत नाही, पुन्हा पेन ड्राइव्ह घेऊन बसावे लागते. दोन वर्षांनी ते कोण करणार, हे विकणाऱ्याला आजच विचारावे. आय५ च्याही आधीच्या कोअर २ ड्युओवर तर २४एच२ सुरूच होत नाही, कारण त्याला लागणारी पॉपकाउंट ही अंतर्गत आज्ञा त्या प्रोसेसरमध्ये मुळात नाही.

उलट प्रकारही घडतो. घरचा संगणक आठव्या-नवव्या पिढीचा, आणि तरी मायक्रोसॉफ्टचे तपासणीचे अ‍ॅप ‘विंडोज ११ चालणार नाही’ म्हणते. अशा वेळी नवीन यंत्र घ्यायची घाई नको. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून ‘tpm.msc’ लिहावे. टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची यंत्रणा) सापडत नाही असे आले तर बहुधा ते बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद आहे. इंटेलच्या बोर्डावर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. मात्र बायोसला हात लावण्याआधी डिस्क कुलूपबंद करणारा बिटलॉकर चालू आहे का ते पाहून तो तात्पुरता थांबवावा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. हे न करता टीपीएमची सेटिंग बदलली तर पुढच्या वेळी संगणक ४८ अंकी की मागतो, आणि ती नसेल तर आतल्या फोटोंना मुकावे लागते. दुसरी अडचण डिस्कच्या मांडणीची. जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेली विंडोज एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर असते, तर विंडोज ११ च्या सिक्युअर बूट या अटीसाठी जीपीटी या नव्या मांडणीची डिस्क आणि यूईएफआय (नव्या पद्धतीचे बायोस) लागते. डेटा न पुसता हे रूपांतर करण्याचे साधन विंडोज १० मध्येच आहे, पण डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देते. हे काम यूपीएसवरच करावे. आपल्याकडे मे-जूनच्या वादळात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि अर्धवट झालेले रूपांतर किंवा अर्धवट बायोस अपडेट फार महागात पडते.

निर्णय घ्यायला वेळ हवा असेल तर विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जाऊन सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर त्याचे पैसे पडत नाहीत. ही सोय मुदत पुढे ढकलते, एवढेच.

आता घरातल्या कामाकडे. महाडीबीटीचा अर्ज, सातबारा, बँक, आयकर विवरणपत्र, मुलांचे ऑनलाइन वर्ग ही सगळी कामे ब्राउझरमधली आहेत. क्रोम किंवा फायरफॉक्स ताजा असला की खाली विंडोज आहे की लिनक्स याने फरक पडत नाही. अजून विंडोज ७ वर असलेल्यांची फजिती नेमकी इथेच होते, कारण क्रोमने २०२३ मध्ये त्याची साथ सोडली आणि १०९ वी आवृत्ती शेवटची ठरली. पेन्शनरांनी हयातीच्या दाखल्यासाठी बोटाच्या ठशाचे जुने यंत्र चालावे म्हणून विंडोज धरून ठेवण्याचेही कारण उरलेले नाही. जीवन प्रमाण आता अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवूनही होते.

पण टॅली असेल तर वाद नको, विंडोजच घ्या. ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदारांनाही हेच सांगणे. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतो, पण निविदेच्या संकेतस्थळाच्या साइनिंग सॉफ्टवेअरशी त्याची गाठ घालताना अर्धा दिवस सहज जातो, आणि निविदा त्यासाठी थांबत नाही. ऑटोकॅड लागणाऱ्या स्थापत्य किंवा मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यालाही विंडोज हवी. पायथन किंवा सी शिकणाऱ्याला लिनक्स जास्त उपयोगी पडेल.

मराठी फाइलींचा मामला जरा नाजूक आहे. युनिकोडमध्ये टाइप केलेले कुठेही उघडते. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून आतच आहे, आणि लिनक्स मिंटमध्ये (लिनक्सचा एक सोपा प्रकार) कीबोर्ड लेआउटच्या यादीत देवनागरी इन्स्क्रिप्ट आणि मराठीचा कगप फोनेटिक मिळतो. अडते ते कृतिदेवमध्ये. कृतिदेव युनिकोड नाही, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला तो एक फॉण्ट आहे. त्याची फाइल लिनक्सवर नेऊन बसवली की जुने अर्ज आणि पत्रे लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये वाचता येतात, थोडीफार टायपिंगही होते. पण काही जोडाक्षरे आणि चिन्हे ऑल्ट दाबून नंबर पॅडवर चार आकडे टाइप करून काढायची असतात, आणि ती युक्ती लिनक्सवर चालत नाही. दरवेळी विशेष चिन्हांची खिडकी उघडावी लागते. दिवसाला चार पाने टाइप करणारा दुसऱ्याच दिवशी वैतागेल. डीटीपीवाल्यांच्या श्रीलिपीला आणि तिच्या हार्डवेअर लॉकला (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) विंडोजच लागते, आणि तिथेही एक मेख आहे : विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. ज्या जुन्या लॉकचा, स्कॅनरचा किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर ३२ बिटमध्येच निघाला, तो ११ वर चालणार नाही. खरेदीआधी त्या कंपनीच्या संकेतस्थळावर ६४ बिट ड्रायव्हर आहे का, हे पाहून घ्यावे.

प्रिंटरवर तर अनेकांचा निर्णय ठरायला हवा. एप्सनचे एल मालिकेतले शाईच्या टाकीचे प्रिंटर लिनक्सवर फारशी कुरकुर न करता चालतात. एचपी लेझरजेट १०२० ला दरवेळी चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (स्वतःचे आतले सॉफ्टवेअर) घ्यावे लागते, त्यासाठी एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरसोबत वेगळे प्लगइन उतरवावे. ते एकदा बसले की काम भागते. कॅननचा एलबीपी २९००, जो अजून कित्येक घरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो, लिनक्सवर डोकेदुखी आहे. तो कॅननची स्वतःची कॅप्ट भाषा बोलतो आणि तिचा लिनक्स ड्रायव्हर जुनाट आहे. तो प्रिंटर सोडायचा नसेल तर विंडोज सोडू नये.

यातली कोणतीच अडचण ज्यांच्या घरी नाही, त्यांनी नवा खर्च करण्याआधी लिनक्स मिंट चालवून पाहावे. २२ व्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. कागदावर त्याला २ जीबी रॅम पुरते, प्रत्यक्षात ४ च्या खाली ब्राउझर रखडतो, ८ असावी. चौथ्या पिढीच्या यंत्रावर सिनॅमन आवृत्ती चांगली चालते, त्याहून जुन्यावर हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, मिंटची आयएसओ फाइल आणि रूफस किंवा बलेना एचर एवढे साहित्य लागते. संगणक सुरू होताना डेल-लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबले की कशावरून सुरू व्हायचे ती यादी येते. पेन ड्राइव्हवरून मिंट डिस्कला न शिवता चालते. तेवढ्यात वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि बँकेचे संकेतस्थळ तपासून घ्यावे. पेन ड्राइव्हवर ते थोडे हळू चालणारच, त्यावरून वेग ठरवू नये. स्वस्त वायफाय डोंगल बऱ्याचदा ओळखले जात नाही, कारण काही रिअलटेक चिपांचे ड्रायव्हर आत नसतात. अशा वेळी अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करावे आणि त्या इंटरनेटवर ड्रायव्हर घ्यावा.

बसवायचे ठरलेच तर आमचा आग्रह एका गोष्टीचा आहे. जुनी डिस्क पुसू नका. ती काढून कपाटात ठेवा आणि २५६ जीबीची नवी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) लावून तिच्यावर नवे काही बसवा. चुकले तर स्क्रू काढून जुनी डिस्क परत लावली की सगळे पूर्ववत. वेगाचा खरा फरकही एसएसडीनेच पडतो, मग वर काहीही बसवा. एकाच डिस्कवर विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवण्याचा मोह होतो, त्यात दोन खोड्या आहेत. विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद केलेली विंडोज खरे तर झोपलेली असते, आणि मिंटला तिची डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. आणि बायोसमध्ये साटाची, म्हणजे डिस्कच्या जोडणीची, सेटिंग ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असेल तर मिंटच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. ते सरळ ‘एएचसीआय’ केले की मिंटला डिस्क दिसते, विंडोज मात्र निळा पडदा दाखवते.

गुगलचे क्रोमओएस फ्लेक्स हेही लिनक्ससारखे मोफत मिळते, ब्राउझरपुरते वापरणाऱ्यांना ते सोपे आहे. पण ते डिस्क पूर्ण पुसते, त्यात प्ले स्टोअरची अ‍ॅप चालत नाहीत आणि गुगल खाते लागते. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स देशी भाषांसाठी चांगली, तरी अडले तर विचारायला चार माणसे मिंटचीच सापडतील. अ‍ॅपलचा मॅक मिनी उत्तम, टॅली नसेल तर.

आणखी एक, खास नागपूरकरांसाठी. मे महिन्यात दुपारी आपोआप बंद पडणारा संगणक विंडोज बदलून सुधारत नाही. पारा ४५ च्या आसपास, हीटसिंकमध्ये वर्षांची धूळ आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली, असे असते. नवी पेस्ट आणि ब्रश, एवढ्यात काम होते. कूलरच्या दमट झोतासमोर संगणक ठेवू नये, कनेक्टर गंजतात. सुरू करताना तारीख मागे जात असेल आणि प्रत्येक संकेतस्थळ ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. नाण्याएवढ्या या सेलपायी चांगली यंत्रे भंगारात गेली आहेत.

वापरलेले यंत्र घ्यायचेच झाले तर बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम किती आणि डीडीआर३ की डीडीआर४ (एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही), एसएसडीची क्षमता आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्यावेत. विंडोज असेल तर तिचा परवाना त्या मदरबोर्डला जोडलेला आहे का, हे सेटिंगमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर दुकानातच, इंटरनेट जोडून पाहावे. काही शेकड्यांत मिळणाऱ्या ‘लाइफटाइम’ की बहुधा कंपन्यांच्या घाऊक परवान्यातल्या असतात आणि मायक्रोसॉफ्ट त्या कधीही बंद करू शकते. ‘सीपीयू एक नग’ एवढेच लिहिलेले बिल मिळत असेल तर पुढचे दुकान पाहावे.

आपले,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक,
प्रतापनगर, नागपूर