राजीनामा कागदावरचा, पण कागद खरा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘सी शेफर्ड’ या सागरी संवर्धन संस्थेचे संस्थापक पॉल वॉटसन आणि त्यांची स्वतःचीच संस्था यांचे २०२२ मध्ये फाटले. त्याबद्दल मराठीत जे वाचायला मिळते ते बहुधा एकाच चालीवर असते. देवमाशांसाठी आयुष्य वेचणारा कप्तान आणि त्याला दाराबाहेर काढणारे भित्रे संचालक. गोष्ट म्हणून हे झकास आहे. पण त्यात २०१२ ते २०१५ ही वर्षेच गाळलेली असतात आणि भांडणाचे मूळ नेमके तिथे आहे. म्हणून हे पत्र.

आधी अंटार्क्टिकच्या समुद्रात ही मंडळी प्रत्यक्ष काय करत ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. जपानी ताफ्यात हार्पून मारणारी लहान जहाजे दोन-तीन आणि ‘निश्शिन मारू’ हे सुमारे १३० मीटर लांबीचे कारखाना-जहाज एकच. मारलेला देवमासा लहान जहाजाच्या कडेला बांधून आणायचा, कारखाना-जहाजाच्या पिछाडीला असलेल्या उतरत्या घसरणीपाशी त्याचा दोर द्यायचा आणि विंचने ओढून वर घ्यायचा. वर गेल्यावरच कापाकापी सुरू होते. सी शेफर्डने हेरले ते हेच. घसरणीच्या बरोबर मागे आपले जहाज चिकटवून ठेवले की देवमासा वर जायला वाट उरत नाही. तो वर गेला नाही की पुढची शिकार करून उपयोग नाही. बाकी प्रकारही होते. लहान जहाजांच्या वाटेत दोरखंड सोडायचे, म्हणजे ते जहाजाच्या पंख्यात गुंडाळले जाऊन जहाज अडते (आपल्याकडचा कोणताही खलाशी हे सांगेल) आणि डेकवर ब्युटिरिक आम्लाच्या बाटल्या फेकायच्या, ज्याला नासक्या लोण्यासारखा उग्र वास येतो. छायाचित्रे याच प्रकारांची छापून यायची. काम मात्र घसरण अडवण्यानेच होई. मिंके जातीच्या ८५० च्या आसपास देवमाशांचे लक्ष्य ठेवून निघालेल्या ताफ्याच्या हाती २०१०-११ च्या हंगामात एकूण १७२ आणि २०१२-१३ मध्ये १०३ देवमासे लागले, त्यामागे हे अडवणे मोठे कारण होते.

आता न्यायालयाकडे येऊ. ही शिकार ‘शास्त्रीय संशोधन’ म्हणून चालवणाऱ्या जपानच्या देवमासे संशोधन संस्थेने अमेरिकेत दावा लावला आणि डिसेंबर २०१२ मध्ये तिथल्या नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने मनाई हुकूम दिला: शिकारी जहाजांच्या ५०० यार्डांच्या आत यायचे नाही. ५०० यार्ड म्हणजे साधारण ४५७ मीटर. घसरण अडवायची तर काही मीटरवर राहावे लागते, साडेचारशे मीटरवरून फार तर दुर्बिणीने बघता येते. म्हणजे संस्थेचे सर्वांत परिणामकारक हत्यार एका आकड्याने निकामी झाले.

यावर काढलेली तोड महत्त्वाची आहे. जानेवारी २०१३ मध्ये वॉटसन यांनी अमेरिकी संस्थेचे अध्यक्षपद सोडले, मोहिमेचे नेतृत्व सोडले आणि त्याच जहाजावर ‘निरीक्षक’ म्हणून राहिले. मोहीम ऑस्ट्रेलियाच्या शाखेने हाती घेतली. अमेरिकी संस्थेकडची मालमत्ता आणि पैसा परदेशी शाखांकडे गेला. हुकूम अमेरिकी संस्थेवर आहे, ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्सच्या संस्थांवर नाही, असा हिशेब. वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी नोंदणी, वेगळे संचालक, वेगळी खाती ही रचना दाव्याची आग एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून उपयोगी होतीच. आता तिची परीक्षा झाली.

न्यायालयाने हा हिशेब मानला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकी संस्था, वॉटसन आणि संस्थेचे विनामानधन काम करणारे संचालक यांना अवमानाबद्दल दोषी धरले. परकी शाखांना जहाजे व पैसा देऊन हुकूम निष्फळ केलात, असे कारण दिले. जून २०१५ मध्ये २५.५ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावे लागले आणि २०१६ च्या तडजोडीत अमेरिकी संस्थेने मनाई कायमची मान्य केली.

इथे क्षणभर संचालकाच्या खुर्चीत बसून पाहा. दर महिन्याला आपला वेळ फुकट देणारा माणूस. त्याचे नाव न्यायालयाच्या निकालात, अवमानाच्या यादीत. पुढच्या सभेत कोणी आक्रमक मोहिमेचा ठराव आणला की तो आधी वकिलाचे मत मागणार. याला भित्रेपणा म्हणायचे तर म्हणा, पण तो वरून पडलेला नाही, अनुभवातून आलेला आहे. दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. वॉटसन यांनी जो राजीनामा डावपेच म्हणून दिला, तो सही झाल्यावर खरा राजीनामाच झाला. ते नंतर परत आले, संस्थेचा चेहराही राहिले. पण निर्णयाचे अधिकार मधल्या काळात ज्यांच्याकडे गेले होते, त्यांना ते वापरायची सवय लागली होती.

त्याच सुमारास लढाईचे मैदानही सरकले. ३१ मार्च २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, ऑस्ट्रेलियाने लावलेल्या खटल्यात, जपानची अंटार्क्टिकमधली शिकार शास्त्रीय संशोधनासाठी नाही असा १२ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला. जपानने एक हंगाम थांबून नवा कार्यक्रम आणला. २०१७ मध्ये वॉटसन यांनीच जाहीर केले की जपान उपग्रहांवरून आमच्या जहाजांचा माग काढतो, त्यामुळे दक्षिण महासागरात जाण्यात अर्थ उरलेला नाही. जुलै २०१९ पासून जपान देवमाशांच्या शिकारीवर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाबाहेर पडून स्वतःच्या सागरी हद्दीत शिकार करू लागला. जिच्यासाठी संस्था जगभर ओळखली जाई ती लढाई अशी संपली आणि ताफा मात्र हाती राहिला.

त्या ताफ्याला नवे काम मिळाले आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. डिसेंबर २०१४ ते एप्रिल २०१५ या काळात ‘थंडर’ या बेकायदा मासेमारी करणाऱ्या जहाजाचा ११० दिवस पाठलाग झाला, ते साओ टोमेजवळ बुडाले. पुढे २०१६ मध्ये गॅबन आणि २०१७ मध्ये लायबेरिया यांच्याशी भागीदारी झाली. या कामाची पद्धत समजली नाही तर भांडण समजत नाही. खासगी जहाजाला दुसऱ्या जहाजावर चढून तपासणी करण्याचा अधिकार नाही. किनारी देशाला स्वतःच्या हद्दीत तो आहे. म्हणून जहाज, इंधन आणि खलाशी संस्थेचे. हत्यारबंद जवान आणि मत्स्य निरीक्षक त्या देशाचे. परवाना पाहणे, जाळ्याची आस (छिद्राचा आकार) मोजणे, शीतगृहात शार्कचे पर आहेत का ते बघणे, जप्ती आणि अटक हे सगळे सरकारी माणसाने करायचे. संस्थेने त्याला तिथवर पोहोचवायचे. ज्या देशांकडे खोल समुद्रात जाणारी गस्ती नौका नाही किंवा असून डिझेल नाही, त्यांना हा सौदा सोन्यासारखा. पण एका मंत्र्याच्या एका पत्राने जहाज दुसऱ्या दिवशी बंदरातून निघू शकते. अशा सौद्यात, ज्याच्यावर जपानच्या मागणीवरून २०१२ पासून इंटरपोलची रेड नोटीस, म्हणजे शोधून पकडण्याची देशोदेशींना विनंती, होती (ती जुलै २०२५ मध्ये रद्द झाली) आणि जो मुलाखतीत सरकारांनाच चार शब्द सुनावतो, असा संस्थापक अडचणीचा होतो हे सांगायला ज्योतिषी नको.

वॉटसन यांची तक्रार अशी की संस्था सरकारांशी जुळवून घेत मवाळ झाली आणि आपल्याला शोभेपुरते ठेवले गेले. आमच्या मते ते निम्मे बरोबर आहेत, आणि ते निम्मे हलके नाही. सरकारच्या निमंत्रणावर चालणारे जहाज तिथेच जाते जिथे सरकारला गुन्हेगार पकडायचा आहे. जपान, नॉर्वे, आइसलँड किंवा फेरो बेटे इथे देवमाशांची शिकार सरकारच्या संमतीनेच होते. तिथे कोणते सरकार निमंत्रण देणार? ते काम सोडले तर ते करणारे दुसरे फारसे कोणी नाही. पण एकाच नावाखाली, एकाच झेंड्याखाली सोमवारी कायद्याचा हात बनायचे आणि मंगळवारी न्यायालयाचा हुकूम मोडायचा, हे जमणारे नव्हते. दोन कामांसाठी दोन संस्था हव्या होत्या. त्या शेवटी झाल्याच, फक्त रीतसर न होता भांडून झाल्या.

जून २०२२ मध्ये त्यांना नेदरलँड्समधल्या जागतिक संस्थेच्या मंडळातून काढले, जुलैअखेर त्यांनी अमेरिकी संस्थेचा राजीनामा दिला. दाव्यांपासून वाचवणाऱ्या त्या भिंती आता त्यांनाच आडव्या आल्या. नाव, बोधचिन्ह, जहाजे, देणगीदारांच्या याद्या ज्या-त्या नोंदणीकृत संस्थेच्या, व्यक्तीच्या नव्हेत. फ्रान्सची शाखा त्यांच्या बाजूने राहिली, तीही ती वेगळी संस्था असल्यामुळेच राहू शकली. त्यांनी स्वतःच्या नावाचे नवे प्रतिष्ठान काढले. त्याचे जहाज जुलै २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या ग्रीनलंडच्या नूक बंदरात इंधनासाठी थांबले असता त्यांना जपानच्या त्याच नोटिशीवरून अटक झाली, १४९ दिवस कोठडीत गेले आणि डेन्मार्कने जपानकडे सोपवायला नकार दिल्यावर १७ डिसेंबरला ते सुटले. संचालकांची भीती अनाठायी नव्हती, असे त्यावरून म्हणता येईल. वॉटसन यांचे समर्थक उलटे म्हणतील, की पाच महिने गेले पण जपानचे चालले नाही.

आता हे सगळे रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वाचकाने कशासाठी वाचायचे? कासव संवर्धन करणाऱ्या आपल्या संस्थाही वन विभागाच्या परवानगीवर चालतात. ऑलिव्ह रिडले हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे परवानगीशिवाय अंड्याला हातही लावता येत नाही. आणि त्याच संस्थांतल्या कोणाला उद्या एखाद्या सरकारी प्रकल्पाविरुद्ध किंवा प्रखर दिव्यांनी मासे ओढणाऱ्या एलईडी मासेमारीवर कारवाई होत नाही म्हणून विभागाविरुद्धच उभे राहावेसे वाटते. तिढा तोच, आकार लहान. अशा वेळी ‘तात्पुरता राजीनामा देतो, प्रकरण निवळले की परत येतो’ हा सल्ला हमखास मिळतो. तो देण्याआधी पुढची साखळी डोळ्यांसमोर आणावी. विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो मंजूर झाला की विश्वस्तांची नोंद असलेल्या परिशिष्ट एकवरचे नाव बदलते, त्याच्या प्रतीवर बँकेतल्या सह्या बदलतात. त्यानंतर परतीचा रस्ता म्हणजे नव्याने ठराव, नव्याने अर्ज, आणि मधल्या काळात आलेल्या विश्वस्तांची मर्जी. बदल अर्ज दिलाच नाही तर आणखी घोटाळा. दहा वर्षांनी भांडण झाले की कोण खरा विश्वस्त यावरच वाद सुरू होतो आणि जुनी इतिवृत्ते शोधत बसावे लागते.

म्हणून संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, लिहितानाच काही गोष्टी खुलेपणाने लिहाव्यात. संस्थापकाला तहहयात मत आहे की नुसता मान. त्याला काढायला किती बहुमत आणि किती दिवसांची नोटीस. बोधचिन्ह संस्थेचे की ज्याने काढले त्याचे. फेसबुक पान आणि संकेतस्थळाचे नाव कोणाच्या मोबाइल क्रमांकावर घेतले आहे. हे क्षुल्लक वाटते, पण देणग्या हल्ली तिथूनच येतात. होडी कोणाच्या नावावर नोंदवली. वन विभागाचे परवानगीपत्र संस्थेला आहे की व्यक्तीला. आणि सरकारविरुद्ध दावा लावायचा ठराव साध्या बहुमताने होईल की सर्वांच्या संमतीने. शेवटचा प्रश्न बहुतेक घटनांमध्ये सापडत नाही, कारण संस्था काढताना सगळे मित्र असतात.

जाता जाता एक दुरुस्ती. वॉटसन यांना सरसकट ‘ग्रीनपीसचे संस्थापक’ लिहिले जाते. ते स्वतः तसे म्हणतात, ग्रीनपीस ही पर्यावरण संस्था ते मान्य करत नाही. सुरुवातीच्या काळातले सदस्य एवढेच सांगते. तिथूनही त्यांना १९७७ मध्ये काढले होते. सीलच्या शिकारीविरुद्धच्या मोहिमेत त्यांनी शिकाऱ्याचा सोटा आणि कातडी पाण्यात फेकली, आणि मंडळाने ११ विरुद्ध १ मतांनी निर्णय घेतला. ते एक मत त्यांचे स्वतःचे होते.

कळावे,
आपला,
एक वाचक, रत्नागिरी